ग्रामसभेपुढे कराचा प्रस्ताव

मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिम वेशीवर सुरू होतो आणि सह्याद्रीच्या कड्यापाशी, ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी संपतो. पौड हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. त्याच्या पूर्वेस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान, बावधन-सूसकडील उंच इमारती आणि पिरंगुट परिसरातील कारखाने आहेत. पश्चिमेस जलाशयाच्या काठची व डोंगरउतारावरील छोटी गावे आणि वाड्या आहेत. एका टोकाच्या ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत गृहनिर्माण संस्था आणि कारखाने यांच्या नोंदींनी पानेच्या पाने भरतात. दुसऱ्या टोकाच्या नोंदवहीत कौलारू घरे, एखादे दुकान, एखादी पिठाची गिरणी यांपलीकडे फारसे काही आढळत नाही. कायदा मात्र दोन्हींना एकच लागू आहे. गावाला नवी सोय हवी असेल आणि तिजोरीत पैसा नसेल, तर नवा कर बसवावा किंवा जुना वाढवावा, हा विचार दोन्हीकडे केव्हा ना केव्हा पुढे येतोच. हा कर लोकांना विचारून बसवावा काय, आणि विचारावयाचे म्हणजे नेमके कोणाला विचारावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कायद्याने काय दिले आहे

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट होणे इष्ट ठरेल. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ अन्वये कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा गोळा करता येत नाही. त्यामुळे संपूर्ण गावाने एकमुखाने हात वर केले, तरी कायद्यात नसलेला कर केवळ तेवढ्याने वैध होत नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-ज समाविष्ट झाला. त्याने राज्य विधानमंडळाला पंचायतींकडे करविषयक अधिकार सोपविण्याची मुभा दिली; पण कोणते कर, किती मर्यादेपर्यंत, हे ठरविणे विधानमंडळाकडेच राहिले.

महाराष्ट्रात ही यादी त्यापूर्वीच तयार होती. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीस बसविता येणारे कर व फी नमूद आहेत. इमारती व शेतसाऱ्यास पात्र नसलेल्या जमिनी यांवरील कर, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेतील घरपट्टी, हा त्यांतील मुख्य. त्याखेरीज सामान्य आरोग्यरक्षण कर, दिवाबत्ती कर, सामान्य पाणीपट्टी, नळाने पाणी घेणाऱ्यांसाठी विशेष पाणीपट्टी, यात्रा कर, बाजार फी अशी ही यादी पुढे जाते. सायकली आणि जनावरांनी ओढावयाची वाहने यांवरील कराचाही तीत उल्लेख होता. ज्या काळी बैलगाडी हेच गावाचे मुख्य वाहन होते त्या काळाची ती खूण. तेव्हा ‘नवा कर’ असे म्हटले जाते त्याचा व्यवहारातील अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की यादीत असलेला परंतु गावाने आजवर न बसविलेला कर बसवावयाचा, अथवा चालू कराचा दर नियमांनी घालून दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत वर न्यावयाचा.

कर बसविण्याची रीत १९६० च्या कर व फी नियमांत दिलेली आहे. पंचायतीने आपल्या सभेत ठराव करून कर व त्याचा दर निवडावयाचा, त्याची सूचना चावडीवर व पंचायतीच्या कार्यालयात लावावयाची, ग्रामस्थांच्या हरकती मागवावयाच्या, त्या विचारात घ्यावयाच्या आणि मग अंतिम निर्णय करावयाचा. निर्णय पंचायतीचा आहे. ग्रामसभेच्या मतदानाने तो होत नाही. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते. थोडक्यात, आपल्याकडे करावर लोकमत घेण्याची तरतूद नाही, हरकत घेण्याची आहे. या दोहोंतील अंतर मोठे आहे. हरकत ज्याला झळ बसते तो घेतो. ज्याला सोय हवी आहे तो सहसा अर्ज लिहीत बसत नाही. म्हणून केवळ हरकतींची संख्या पाहून गावाचे मत ठरविणे फसवे असते.

ग्रामसभेचे स्थान या रचनेत कोठे येते, हे त्यामुळे अधिकच नीट पाहावयास हवे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत भरणाऱ्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल, चालू वर्षी हाती घ्यावयाच्या कामांचा कार्यक्रम आणि मागील लेखापरीक्षणातील शेरे व त्यांची उत्तरे ठेवावयाची असतात. कराचा प्रस्ताव मांडावयाची खरी जागा हीच. मागील वर्षी किती गोळा झाले, कोठे गेले, लेखापरीक्षकाने कशावर बोट ठेवले, हे समोर असताना ‘आणखी द्या’ असे म्हणण्यास धैर्य लागते, आणि ते धैर्य दाखविणाऱ्या पंचायतीवर लोक विश्वास ठेवतात. मात्र या सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी आहे, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस ती अटही राहत नाही. पाच-सहा हजार मतदारांच्या गावात तहकूब सभेस आलेल्या मूठभरांनी दिलेल्या संमतीला ‘गावाची संमती’ म्हणावयाचे काय, याचा विचार ग्रामसेवक आणि सरपंच यांनी सूचना काढण्यापूर्वीच केलेला बरा.

पाणीपट्टीचे गणित

करावरील चर्चा बहुधा भावनेच्या भरात होते, याचे कारण आकडे समोर नसतात. शाळेतील सातवी-आठवीचे विद्यार्थीही सहज करू शकतील असे एक उदाहरण येथे घेऊ. ते काल्पनिक आहे. प्रत्येक गावाने आपले आकडे त्यात घालावेत.

समजा, डोंगराकडील एका गावात ४०० कुटुंबे आहेत व जल जीवन मिशनमधून तेथे नळपाणी योजना झाली आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले होते, आणि गावांतर्गत कामांसाठी डोंगराळ वा वनव्याप्त प्रदेशात ५ टक्के व अन्यत्र १० टक्के लोकवर्गणी अपेक्षित होती. बांधकाम शासनाच्या पैशातून झाले. पण योजना चालविण्याचा खर्च गावाचा. वर्षाला पंपाचे वीजबिल २,४०,००० रुपये, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन १,२०,००० रुपये, टी.सी.एल. पावडर व पाणी तपासणी २०,००० रुपये, जलवाहिनी व व्हॉल्व्ह यांची दुरुस्ती ६०,००० रुपये, आणि पंप जळाल्यास नवा घेता यावा म्हणून बाजूला ठेवावयाची रक्कम ४०,००० रुपये, असा खर्च धरला तर एकूण ४,८०,००० रुपये होतात. ४०० कुटुंबांत ते वाटले की दर कुटुंबास वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १०० रुपये पडतात. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर, वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी मिळेल. म्हणजे हजार लिटरला सुमारे १२ रुपये पडले.

आता दुसरी बाजू. चारशेंपैकी २४० कुटुंबांनीच, म्हणजे साठ टक्क्यांनीच, पट्टी भरली असे धरू. जमा २,८८,००० रुपये. तूट १,९२,००० रुपये. ही तूट भरणाऱ्यांवरच टाकावयाची तर त्यांची पट्टी २,००० रुपयांवर जाईल, आणि पुढील वर्षी त्यांच्यातीलही काही जण भरणे थांबवतील. तूट कोणावरच टाकली नाही तर प्रथम पंपासाठी ठेवावयाची रक्कम जाईल, मग दुरुस्ती थांबेल, मग वीजबिल थकेल. नळ कोरडा पडण्याचा दिवस हा योजना बिघडल्याचा दिवस म्हणून सांगितला जातो. वस्तुतः बिघाड त्याच्या दोन वर्षे आधी मागणी नोंदवहीत झालेला असतो. येथे दर वाढविण्याचा प्रश्न नसून वसुलीचा आहे, हे ग्रामसभेस दाखवून देता आले तर निम्मा वाद तेथेच मिटतो. कायदाही या बाबतीत सदस्यांना सूट देत नाही: मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारी व्यक्ती पंचायतीची सदस्य राहण्यास अपात्र ठरू शकते.

वित्त आयोगाच्या अनुदानातून ही तूट भागवावी, असे सुचविले जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार २०२१-२२ पासून पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होता, त्यामुळे या सूचनेत तथ्य नाही असे नाही. परंतु अनुदान कधी येईल आणि किती येईल हे गावाच्या हाती नसते, आणि वीजबिलाची तारीख मात्र दर महिन्याला येते.

मुळशीतील ग्रामस्थाला या हिशेबात एक वेगळीच बोच आहे. मुळा नदीवरील धरणासाठी १९२० नंतरच्या दशकात या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. भूसंपादनाच्या कायद्याने जमिनी घेतल्या गेल्या. संमती विचारली गेली नाही. १९२१ साली सुरू झालेला व सेनापती बापट यांच्या नावाशी निगडित असलेला मुळशी सत्याग्रह हा त्याच न विचारल्याचा परिणाम होता. साठलेले पाणी डोंगरापलीकडे कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे उतरते. जलाशयाच्या काठावर राहून पाण्यासाठी योजना करावी लागते व तिची पट्टी भरावी लागते, ही गोष्ट तेथील वृद्धांना सहज पटत नाही. ती पटवून देताना ‘इतर गावे भरतात, तुम्हीही भरा’ हे उत्तर पुरेसे पडणार नाही. पट्टी पाण्याच्या मालकीची नसून ते उपसून, शुद्ध करून घरापर्यंत आणण्याच्या खर्चाची आहे, हे सांगावे लागेल, आणि खर्चाचा कागद दाखवून सांगावे लागेल.

कर कोण देतो, मत कोण देतो

पूर्वेकडील आणि आता पौडच्या पलीकडीलही गावांत प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. तेथे करदाता व मतदार ही एकच व्यक्ती राहिलेली नाही. डोंगरउतारावर शेतघर बांधणारा कुटुंबप्रमुख पुण्या-मुंबईचा मतदार असतो. त्याच्या घराची नोंद मात्र गावच्या नमुना ८ मध्ये असते. कारखाना मतदान करीत नाही. सदनिकेचा मालक परगावी आणि राहणारा भाडेकरू, अशीही स्थिती सर्रास आढळते. अशा गावात कराचा प्रस्ताव मतास टाकला, तर मत देणारे आणि भार सोसणारे वेगवेगळे असण्याचा संभव मोठा. ‘बंगल्यांवर लावा, कारखान्यांवर लावा’ या सूचनेला ग्रामसभेत टाळ्या मिळणे अवघड नाही. पण ज्यांच्यावर बोजा पडावयाचा त्यांपैकी कोणी त्या सभेत बसलेलाच नसतो.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. हे बंगले व कारखाने गावाचे रस्ते झिजवतात, कचरा निर्माण करतात, पाण्याची मागणी वाढवितात. त्यांनी वाटा उचलणे न्याय्यच आहे. कायद्याने येथे दोन आधार दिले आहेत. एक, कलम १२५ अन्वये कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. कारखान्याला दरवर्षीच्या आकारणीच्या वादातून सुटका मिळते व गावाला निश्चित उत्पन्न. तथापि रक्कम ठरविताना कारखान्याच्या वाढीचा अंदाज घेतला नाही, तर स्वस्तात केलेला करार गावाला पुढे जाचतो. दुसरा आधार आकारणीच्या पद्धतीचा. २०१५ च्या डिसेंबरअखेर केलेल्या नियमदुरुस्तीने घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसू लागली. जमिनीचे वार्षिक दरपत्रकातील मूल्य, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा व निवासी, वाणिज्य किंवा औद्योगिक वापराचा भारांक यांवरून हे मूल्य निघते. त्यामुळे मातीचे जुने घर व नवा काँक्रीटचा बंगला यांच्या करात जो फरक पडतो तो सूत्राने पडतो, कोणाच्या रागलोभाने नाही. मुळशीसारख्या तालुक्यात या पद्धतीत एक दोषही आहे. शहराच्या रेट्याने जमिनीचे दर चढले, की पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरात असलेल्या व ते विकण्याचा विचारही नसलेल्या शेतकऱ्याचे भांडवली मूल्य कागदावर वाढते. त्याचे उत्पन्न मात्र होते तेवढेच राहते.

हाच तिढा अन्य देशांतही पडला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरांच्या किमती झपाट्याने चढल्या व त्यांबरोबर कर वाढले, तेव्हा १९७८ च्या जूनमध्ये मतदारांनी तेराव्या प्रस्तावास मंजुरी दिली. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला, करासाठीच्या मूल्यात वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास बंदी झाली, आणि विशिष्ट कामासाठी स्थानिक कर बसवावयाचा तर दोन तृतीयांश मतदारांची संमती आवश्यक ठरली. जुन्या घरमालकांना दिलासा मिळाला. पण शेजारी-शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांपैकी नुकत्याच विकत घेतलेल्या घराचा कर कित्येक पटींनी अधिक, असा प्रकार सुरू झाला, आणि शाळांसाठी स्थानिक संस्थांना राज्याच्या तोंडाकडे पाहणे भाग पडले. स्वित्झर्लंडमधील अनेक छोट्या गावांची रीत निराळी आहे. तेथे गावसभा वर्षाचे अंदाजपत्रक व कराचा दर एकाच बैठकीत मंजूर करते. कर हवा की नको, असा सुटा प्रश्न तेथे नसतो. रस्ता हवा असेल तर दर इतका, नको असेल तर इतका, असा जोडप्रश्न असतो. आपल्या ग्रामसभेला या दोहोंतील दुसरी पद्धत अधिक जवळची वाटावी.

शहरात गेलेली तीन गावे

३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २३ गावे समाविष्ट झाली. त्यांत मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही होती. गाव शहरात गेले की ग्रामपंचायत संपते, तिच्याबरोबर ग्रामसभाही संपते. महापालिकेत कराचे दर स्थायी समितीच्या प्रस्तावावरून मुख्य सभा दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरविते. नव्याने आलेल्या गावांना कराची पूर्ण पट्टी एकदम लागू नये म्हणून ती टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्याची सोय कायद्यात आहे. ही सोय चांगली आहे. पण १४ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. ग्रामसभा गेलेली, नगरसेवक अद्याप नाही, आणि कराचे बिल मात्र आलेले, अशा अवस्थेत या गावांनी ती वर्षे काढली. पाणी आणि मलनिस्सारण यांची व्यवस्था शहराच्या तोडीची होण्यापूर्वीच कर शहराच्या दिशेने निघाला, ही नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतील रहिवाशांची मुख्य तक्रार होती.

त्या आधीच्या, म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये समाविष्ट झालेल्या ११ गावांचा अनुभव याहून बोलका आहे. हवेली तालुक्यातील उरुळी देवाची व फुरसुंगी येथून करवाढीविरुद्ध एवढी ओरड झाली, की ही दोन गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला आणि पुढे तो अमलात आला. कराचा प्रश्न आधी न विचारल्याने अखेर हद्दीचाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागला. नगरपरिषदेलाही कर बसवावाच लागतो, ही गोष्ट अलाहिदा.

खुद्द पुणे शहरातही कराची सवलत हा केवढा नाजूक विषय आहे, हे सर्वश्रुत आहे. घरमालक स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळत आलेली ४० टक्के सवलत लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर काढून घेण्यात आली, आणि मोठ्या असंतोषानंतर २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आली. याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात महात्मा फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याच्या प्रस्तावास त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. कर किती घ्यावा यापेक्षा घेतलेला कर कशावर खर्चावा, यावरच लोकांचे मत अधिक ठाम असते, हे त्या काळीही खरे होते.

हिंजवडी, माण, मारुंजी आदी गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घ्यावीत की नाहीत, याची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. ग्रामपंचायतीच्या दराने कर देऊन महापालिकेच्या दर्जाची सोय मिळावी, ही रहिवाशांची अपेक्षा समजण्यासारखी असली, तरी ती कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारी नाही. अशा गावांच्या ग्रामसभांपुढे, त्या अस्तित्वात आहेत तोवर, तीन रकाने असलेला एक साधा तक्ता ठेवता येण्याजोगा आहे: आजची घरपट्टी व आजची सोय, ग्रामपंचायतीने कमाल दर लावल्यास मिळणारी रक्कम व त्यातून होणारे काम, आणि शहरात गेल्यावर पाचव्या वर्षी येणारे बिल. तक्ता तयार करण्यास लागणारी माहिती नमुना ८, नमुना ९ व शहराच्या प्रसिद्ध दरपत्रकात उपलब्ध असते. तो ग्रामसभेच्या सूचनेसोबत चावडीवर, गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर आणि महिलांच्या सभेत आधीच पोहोचला, तर मतदार नसलेल्या करदात्यासही आपली हरकत मुदतीत लेखी देता येईल.